कारकुनाची बदली झाली तर भत्ता, कोयत्याचं बिऱ्हाड हललं तर फक्त ट्रॅक्टर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण दसरा तोंडावर आलाय आणि दसरा-दिवाळी झाली की ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं गावात नसतील. म्हणून आजच लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, आणि पटलं नाही तर खाली भांडा. चालेल.

आपल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या पट्ट्यात सध्या काय चाललंय ते जरा डोळे उघडे ठेवून बघा. लोहाराकडं कोयत्यांना धार लावायला गर्दी आहे. बाजारात ताडपत्री, प्लास्टिकचे ड्रम, पत्र्याच्या पेट्या आणि चार्जिंगच्या बॅटऱ्या खपायला लागल्यात. गिरणीवर मिरची-मसाला कांडायला बायकांचे नंबर लागलेत. ज्यांची टायरगाडी आहे ते बैलांच्या पायांना पत्र्या ठोकून घेतायत. सासू सुनेला सांगतेय की गोधड्या दोन जास्त घे, तिकडं नदीकाठी थंडी लई असते. शेळी न्यायची की विकायची, म्हाताऱ्याला कुणाच्या भरवशावर सोडायचं, धाकटीला सोबत घ्यायचं की आजीपाशी ठेवायचं, घराची किल्ली कुणाकडं द्यायची, याचे निर्णय घराघरात चाललेत.

याला आपण 'स्थलांतर' म्हणतो. पेपरात तोच शब्द, सरकारी कागदात तोच शब्द. मला तो शब्द पटत नाही. स्थलांतर म्हटलं की दुष्काळ पडला, पूर आला, माणसं अचानक उठून चालती झाली असं वाटतं. इथं असलं काही होत नाही. इथं दरवर्षी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गाडीत, ठरलेल्या कारखान्यावर पाच-सहा महिन्यांसाठी अख्खं घर हलतं. आपल्या भाषेत याला बिऱ्हाड हलवणं म्हणतात. आणि बिऱ्हाड हलवायला तयारी लागते. ती तयारी हे लोक दोन-दोन महिने करतात.

माझा सवाल एवढाच आहे की याच बिऱ्हाडासाठी सरकार किती दिवस तयारी करतं?

तारीख कुणाला माहीत नसते?

"अहो, ते कधी जातात ते कळतच नाही. एका रात्रीत गाव रिकामं होतं. आम्ही काय करणार?" हे वाक्य तुम्ही तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत ऐकलं असेल.

हे वाक्य खोटं आहे. सरळ खोटं आहे.

साखर कारखान्याचं गाळप कधी सुरू करायचं हे कारखानदार आपल्या मनानं ठरवत नाही. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती मुंबईत बसून तारीख ठरवते. त्यानंतर पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. २०२२-२३ च्या हंगामाला १५ ऑक्टोबर ठरली होती, २०२३-२४ ला १ नोव्हेंबर, २०२४-२५ ला १५ नोव्हेंबर, २०२५-२६ ला पुन्हा १ नोव्हेंबर. या तारखा पेपरात छापून येतात, टीव्हीवर सांगतात.

म्हणजे ज्या सरकारनं तारीख ठरवली त्याच सरकारचा माणूस तालुक्यात बसून म्हणतो की कधी जातात ते कळत नाही. मुकादमाला कळतं. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला कळतं. ट्रॅक्टरवाल्याला कळतं. बाजारात ताडपत्री विकणाऱ्यालाही कळतं, तो महिनाभर आधी माल भरून ठेवतो. कळत नाही ते फक्त ज्याला त्यासाठी पगार मिळतो त्याला.

आता बदलीचा नियम बघा

सरकारी कर्मचाऱ्याची बदली झाली की काय होतं? मी टोमणा मारत नाही, त्यांचा तो हक्क आहे आणि तो असायलाच पाहिजे.

महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा आहे, २००५ चा. त्यात लिहिलंय की सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या. एप्रिल-मे म्हणजे मुलांच्या परीक्षा झालेल्या, जूनमध्ये नव्या गावी नव्या शाळेत नाव. पोरांचं वर्ष बुडत नाही. नव्या जागी हजर व्हायला वेळ मिळतो, त्याला पदग्रहण अवधी म्हणतात, त्याचे १९८१ चे नियम आहेत. त्या दिवसांचा पगार मिळतो. कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च मिळतो. सामान हलवायचा खर्च मिळतो. पसारा बांधायला, लेकरांचे दाखले काढायला, नवं घर बघायला वेळ लागतो हे सरकारला माहीत आहे. म्हणून तर नियम केला.

एका घराचं बिऱ्हाड हलतं तेव्हा किती गोष्टी विस्कटतात हे ज्या सरकारला इतकं बारकाईनं कळतं, त्याच सरकारला लाखो घरं एकाच पंधरवड्यात हलतात तेव्हा काहीच कसं कळत नाही?

राज्यात ऊसतोड कामगार नेमके किती? आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंदाज सांगतात. दोन अंदाजांत सात लाखांचा फरक! उसाचं टिपरू न टिपरू वजनकाट्यावर मोजलं जातं. तोडणारा माणूस मोजायला काटा नाही.

आणि त्यांच्या पोरांचं बघा. शाळा जूनमध्ये सुरू होते. पहिलं सत्र संपत आलं की ट्रॅक्टर दारात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, बिऱ्हाड माघारी येतं, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली किंवा उरकलेली. ज्या एप्रिल-मेचा नियम साहेबांच्या पोरांसाठी केला त्याच्या बरोबर उलटं वेळापत्रक कोयत्याच्या पोरांच्या वाट्याला. ऊस काही मे-जूनमध्ये तोडता येत नाही, मान्य. मग वेळापत्रक बदलता येत नसेल तर सोय आधीपासून तयार ठेवा ना. तीही नाही.

योजना नाहीत असं नाही

इथं कुणीतरी लगेच म्हणेल की सरकारनं एवढ्या योजना काढल्यात, तुम्हाला दिसत नाहीत का? दिसतात. मोजून सांगतो.

रेशन. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळं कुठल्याही जिल्ह्यात, कर्नाटकातसुद्धा, अंगठा लावून धान्य घेता येतं. घरातले काही गावात आणि काही तिकडं असतील तर वाटून घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पाच माणसांच्या घराचं महिन्याला २५ किलो, सहा महिन्यांचं दीड क्विंटल. आता सांगा, आपल्या तालुक्यातल्या किती टोळ्यांनी सांगली-कोल्हापूरकडं किंवा बेळगाव-बागलकोटकडं रेशन उचललं? दीड क्विंटल फुकटचं धान्य सोडून माणसं तिकडच्या किराणा दुकानात उधारीवर पीठ घेतात आणि ती उधारी पुन्हा मुकादमाच्या वहीत चढते. का? आधार जोडलेलं नाही, केवायसी राहिलीय, कोयत्यानं बोटाचे ठसे झिजलेत म्हणून मशीन अंगठा घेत नाही, आणि तिकडचा दुकानदार म्हणतो तुमचा कोटा आमच्याकडं नाही. यातल्या पहिल्या तीन अडचणी दसऱ्याच्या आधी इथंच, गावातल्या दुकानात बसून सुटतात. चौथीसाठी एक फोन लागतो.

शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यातलं पाचवं कलम म्हणतं की दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे. पण कित्येक गावांत हे हंगामी वसतिगृह सुरू कधी होतं? आईबाप गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी. आई कुणाच्या भरवशावर पोर मागं ठेवणार? "पुढच्या महिन्यात मंजुरी येईल" या भरवशावर? ती पोराला ट्रॉलीत बसवते. मग वसतिगृह सुरू होतं तेव्हा पटावर मुलं कमी भरतात, आणि वरून शेरा येतो, 'प्रतिसाद अल्प'.

संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, मुलांचं एक, मुलींचं एक, प्रत्येकी १०० जणांची सोय. सगळी पूर्ण ताकदीनं चालली तरी ८,२०० मुलं. कामगार किती लाख हे वर लिहिलंय. हिशोब तुम्हीच करा.

महामंडळ. गोपीनाथ मुंडे साहेबांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ठरलं असं की गाळलेल्या उसावर टनामागं १० रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात १,००० लाख टनांहून जास्त ऊस गाळला गेला. टनाला दहा रुपये म्हणजे एका हंगामाचे १०० कोटींच्या वर, आणि सरकारचे तेवढेच आणखी. हा पैसा आपल्या गावातल्या टोळ्यांपर्यंत कुठल्या रूपानं आला, कुणाला सांगता येईल का? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वसतिगृहाला इतके, विम्याला इतके, आरोग्याला इतके. फळा छोटा पडला तर खडू मी आणून देतो.

ओळखपत्र. ग्रामसेवकानं (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) गावातल्या ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं असा सरकारचाच आदेश आहे. तुमच्या गावात किती जणांच्या खिशात ते कार्ड आहे? खाली गावाचं नाव लिहून सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

तर योजना आहेत. पण प्रत्येक योजना माणूस गावात सहा-आठ महिने बसून आहे असं धरून बनवलीय. अर्ज ऑक्टोबरात मागवायचे, छाननी डिसेंबरात, मंजुरी फेब्रुवारीत. लाभार्थी तोवर फडात. जेवण वाढलंय, पण पंगत उठल्यावर.

"ते आमचे कामगार नाहीत"

आता कारखान्यांकडं येतो. तिथं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आणि मुकादमाशी, कामगार त्यांचे.

बरं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती कुणी ठरवली? एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या संघटना, मध्ये मोठे नेते. म्हणजे दर ठरवायचा असला की कारखानदारांचा संघ टेबलावर येऊन बसतो. मजुरीचा आकडा तुम्ही ठरवता, तोडीचा कार्यक्रम तुमचा चिटबॉय ठरवतो, ऊस तुमच्या काट्यावर उतरतो. आणि कोपीजवळ पाण्याचा टँकर लावायची वेळ आली की कामगार मुकादमाचे?

घर हलवणारा माणूस नव्या जागेत सगळ्यात आधी काय बघतो? पाणी, संडास, लाईट. तुम्ही भाड्याची खोली बघायला जाता तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारता ना? कोयत्याचं बिऱ्हाड नव्या जागी उतरतं तेव्हा बहुतेक ठिकाणी मोकळं रान असतं. बांबू आणि चटया मिळाल्या तर नशीब. स्वतःचं घर स्वतः उभं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला फडात उतरायचं. बायकांनी अंधारात आंघोळ उरकायची आणि अंधारातच आडोशाला जायचं. पोटात दुखायला लागलं तर खाडा परवडत नाही, खाड्याचे पैसे कापतात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यावर खूप बोललं गेलं, लिहिलं गेलं. पण या बायका जिथं सहा महिने राहतात तिथं पाणी आणि संडास नाही, याची सांगड त्या चर्चेत फार कमी जणांनी घातली.

उचलीबद्दलही एक स्पष्ट बोलतो. उचल फिटली नाही म्हणून माणसाला, त्याच्या बायकापोरांना अडकवून ठेवणं हा या देशात गुन्हा आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. उलट बाजूही आहे आणि ती लपवायची नाही. उचल घेऊन टोळी पळाली आणि मुकादम देशोधडीला लागला अशाही गोष्टी आपल्याकडं कमी नाहीत. पण दोन्ही भांडणांचं मूळ एकच आहे. हिशोब फक्त मुकादमाच्या वहीत असतो. दोन्ही बाजूंकडं सहीचा कागद असेल तर दोघांचंही भलं आहे. इमानदार मुकादमानं तर हे स्वतः मागायला पाहिजे.

"मग जातातच कशाला?"

ही कमेंट येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. बालाघाटाच्या डोंगरात हलकी जमीन, पाऊस आला तर पीक, नाहीतर नुसती नांगरट. गावात रोजगार हमीचं काम कधी निघतं, कधी नाही. पोरीचं लग्न, आजारपण, बैल, कर्ज यासाठी एकरकमी पैसे देणारी बँक कोयत्याच्या दारात येत नाही. मुकादम येतो. उचल ही त्यांची बँक आहे, महागडी आहे, पण उघडी असते. आणि सण-बाजारात त्या उचलीवर आपल्या तालुक्याची कापड दुकानं, किराणा, सोनार, मोबाईलवाले चालतात हेही विसरू नका. बाजारात गर्दी असते तेव्हा आपण म्हणतो 'यंदा सीझन चांगला'. तो सीझन ज्यांच्या अंगावरच्या कर्जाचा असतो त्यांनाच मग 'पैसे उडवतात' म्हणायचं, हे बरं नाही.

दुसरी कमेंट, "आता हार्वेस्टर आले, ही गोष्ट आपोआप संपेल." हार्वेस्टर वाढतायत, खरंय. सरकार त्याला लाखोंचं अनुदान देतं. पण छोटे तुकडे, पडलेला ऊस, ओलं रान, तिथं अजून कोयताच लागतो. आणि समजा दहा वर्षांनी संपली ही गोष्ट, तर आज सात वर्षांची असलेली पोरगी तोवर सतरा वर्षांची होईल. तिनं दहा वर्षं काय करायचं? यंत्राची वाट बघत ट्रॉलीत बसायचं?

मत मात्र बरोबर सापडतं

२०२४ ची गोष्ट आठवा. गाळप १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. मधे पाच दिवस. त्या वेळी कुठल्या गावची टोळी कुठल्या कारखान्यावर, कुठल्या गटात, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय, ही सगळी माहिती प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याकडं तयार होती. याद्या होत्या. गाड्यांची चर्चा होती. म्हणजे हा माणूस शोधायचा म्हटलं तर सापडतो! मतासाठी सापडणारा माणूस लसीसाठी, रेशनसाठी, शाळेसाठी का सापडत नाही?

मागणी काय आहे

नुसती ओरड करून उपयोग नाही. माझी मागणी साधी आहे. नवी योजना नको, नवं महामंडळ नको. प्रत्येक ग्रामपंचायतीत दसऱ्याच्या आधी एक दिवस 'बिऱ्हाड शिबिर' घ्या. एक मांडव, पाच टेबलं.

१) पहिल्या टेबलावर ग्रामपंचायत अधिकारी. कोण जाणार, किती जण, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, फोन काय, मागं घरात कोण राहणार. नोंद आणि ओळखपत्र त्याच दिवशी.

२) दुसऱ्यावर रेशन दुकानदार आणि पुरवठा विभाग. केवायसी, आधार जोडणी. ज्यांचे ठसे उठत नाहीत त्यांच्यासाठी डोळ्याचं मशीन. जाणाऱ्यांची संख्या तिकडच्या पुरवठा खात्याला कळवायची.

३) तिसऱ्यावर गुरुजी. जाणाऱ्या मुलांचं हमी कार्ड हातात. तिकडं जवळची शाळा कुठली, तिथल्या गुरुजींचा नंबर कागदावर. मागं राहणाऱ्यांचं हंगामी वसतिगृह पहिला ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी सुरू. नंतर नाही.

४) चौथ्यावर आशाताई, अंगणवाडीताई, सिस्टर. गरोदर बायकांची यादी, तपासणी, गोळ्या, लेकरांच्या लसी. माता-बाल कार्ड सोबत. यादी तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन करून कळवायची.

५) पाचव्यावर मुकादम आणि सरपंच. उचल किती, दर काय, खाड्याचं काय, दोन प्रती, दोन सह्या. एक प्रत कामगाराकडं.

आणि गावाच्या वेशीवर आरटीओ आणि पोलीस. ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर आहे का, सामानाच्या ढिगावर लेकरं बसवलीत का, बघा. दरवर्षी अंधारात उभ्या ट्रॉल्यांना धडकून माणसं मरतात. एका रिफ्लेक्टर पट्टीला किती पैसे लागतात?

याला जादा निधी लागत नाही. वर जितके लोक लिहिलेत त्या सगळ्यांचा पगार आजही चालू आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

शिबिर झालं तर उत्तम. नाही झालं तर कुणाची वाट न बघता एवढं करा. ज्यांच्या घरी फेसबुक नाही त्यांना वाचून दाखवा.

रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक, माता-बाल कार्ड, ओळखपत्र यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत वरच ठेवा. मूळ कागद फडात भिजतात, म्हणून मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा. मुकादमाच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो निघायच्या आधी एकदा आणि मग दर महिन्याला एकदा काढा. भांडण करायची गरज नाही, नुसता फोटो. तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात रेशन दुकान आणि शाळा दाखवून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ ला फोन लावा. आजारी माणसासाठी १०८, पोरांच्या बाबतीत काही वाईट दिसलं तर १०९८, काहीही संकट आलं तर ११२. हे चार नंबर पोराच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

आणि एक हात जोडून सांगतो. पोरगी मोठी झाली, मागं कुणाच्या भरवशावर ठेवू म्हणून लग्न उरकू नका. ही भीती खोटी नाही, मला माहितीय. पण तिचं उत्तर नवरा नाही, वसतिगृह आहे. ते वेळेवर उघडायला लावायचं काम आपलं सगळ्यांचं.

शेवटचं

गेली कित्येक वर्षं नोव्हेंबरात एकच बातमी येते, 'गावं ओस पडली'. कुलूप लावलेल्या दाराचा फोटो, ओट्यावर बसलेली म्हातारी. दारांना कुलपं लागल्यावर बातमी लिहून काय करायचं? कुलूप लागायच्या आधी काय झालं नाही, ती खरी बातमी.

म्हणून यंदा आजपासून मोजायचं. तुमच्या गावात हे पाच टेबलांचं शिबिर झालं का, खाली कमेंटमध्ये गावाचं नाव टाकून 'झालं' किंवा 'नाही' एवढंच लिहा. झालं असेल तर त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं, त्या गुरुजींचं नाव घेऊन कौतुक करू, मनापासून करू. नाही झालं तर ती यादी घेऊन मी बीडीओ साहेब आणि तहसीलदार साहेबांकडं जातो आणि ते काय म्हणाले ते इथंच लिहितो. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा परिषदेला उभं राहायची इच्छा असलेले सगळे दादा, ही पोस्ट तुमच्याचसाठी आहे. बॅनरवर शुभेच्छा द्यायच्या ऐवजी यंदा एक मांडव टाका.

ट्रॅक्टर लागायला फार दिवस नाहीत. गावाचं नाव लिहा.